मॉरिस मायनरचं मॅनिफोल्ड बदलताना: आधी व्हर्नियर, मग पाना

गाडी सुरू केली की पहिली काही मिनिटं बॉनेटखालून टिकटिक येते. इंजिन तापलं की टिकटिक मंदावते, पण आयडलिंग काही केल्या एका जागी राहत नाही. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की बहुतेक गॅरेजमध्ये आधी टॅपेट सेट होतात, मग कार्बोरेटर खोलला जातो, आणि मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना मिश्रण पोहोचवणाऱ्या (इनलेट) आणि जळलेला गॅस बाहेर नेणाऱ्या (एक्झॉस्ट) नळ्यांच्या जोडणीकडे, सगळ्यात शेवटी लक्ष जातं. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. टिकटिक असते ती हेड (इंजिनाचं वरचं झाकण) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामधून निसटणाऱ्या गॅसची. लोखंड तापून फुगलं की फट मिटते आणि आवाज बंद होतो. आयडलिंग अस्थिर राहतं, कारण त्याच जोडाच्या दुसऱ्या भागातून इंजिन बाहेरची हवा ओढत असतं.

दोन्ही दुखणी एकाच जोडावर का येतात, हे समजलं की कोणतं मॅनिफोल्ड घ्यायचं आणि ते कसं बसवायचं, याचा निम्मा निकाल लागतो.

मायनरचं ए-सिरीज इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए३० मधून आलं. मायनरमध्ये ते १९५२ पासून ८०३ सीसीचं, १९५६ पासून ९४८चं आणि १९६२ पासून १०९८चं बसायला लागलं. त्याआधीच्या मायनरला ९१८ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. ते पूर्ण वेगळं, त्याच्या मॅनिफोल्डचा इथे काही संबंध नाही. म्हणून आरसी बुकावरचं मॉडेल पाहून पार्ट मागवू नका. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांची इंजिनं दोन-दोनदा बदललेली असतात. डायनॅमोच्या वर ब्लॉकवर इंजिन नंबरची पट्टी असते, ती घासून वाचा. नंबर ९एम ने सुरू होत असेल तर इंजिन ९४८चं, १०एम असेल तर १०९८चं.

या इंजिनाच्या हेडला इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला आहेत, आणि पुशरॉडही त्याच बाजूने वर जातात. जागा अपुरी पडल्यामुळे चार सिलिंडरांना आठऐवजी पाचच पोर्ट (हेडमधली तोंडं) मिळाले. क्रम असा: १ नंबरचा एक्झॉस्ट, १-२चा सामाईक इनलेट, २-३चा सामाईक एक्झॉस्ट, ३-४चा सामाईक इनलेट, ४ नंबरचा एक्झॉस्ट. चाळीत दोन बिऱ्हाडांना एकच नळ असतो, तशी इनलेटची अवस्था आहे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे २ नंबरने मिश्रण ओढून होतं न होतं तोच त्याच पोर्टमधून १ नंबर ओढायला लागतो. तेच ३ आणि ४चं. जोडीतल्या दोघांना सारखं मिश्रण कधीच मिळत नाही. हा या हेडच्या रचनेतलाच दोष आहे आणि कुठलंही मॅनिफोल्ड तो पूर्ण घालवू शकत नाही.

एक्झॉस्टची गोष्ट वेगळी. २ आणि ३ यांचे धक्के क्रँकच्या ३६० अंशांच्या अंतराने येतात, म्हणजे मधला पोर्ट सामाईक असूनही तिथे गर्दी होत नाही. १ आणि ४ यांचंही तसंच. अडचण पुढे होते. मधली नळी आणि बाजूच्या दोन नळ्या हेडपासून थोड्याच अंतरावर एकत्र आल्या, तर एकाचा धक्का दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. म्हणून या इंजिनासाठी लांब मधल्या नळीचं मॅनिफोल्ड निघालं. त्यात १ आणि ४ आधी वाय आकारात जुळतात, आणि मधली नळी स्वतंत्रपणे लांबवर जाऊन मग त्यांना मिळते. वरच्या आरपीएमला फरक कळतो.

जोड नेमका कुठे हरतो

हेडमधून सहा स्टड (आटे पाडलेल्या कांड्या) बाहेर येतात. टोकाचे दोन फक्त एक्झॉस्टला धरतात. मधले चार स्टड मात्र प्रत्येकी एका इनलेटच्या कानाला (बाहेर आलेल्या पट्टीला) आणि शेजारच्या एक्झॉस्टच्या कानाला एकाच वेळी दाबतात, एकाच मोठ्या जाड वायसरखाली. हा वायसर म्हणजे या कामातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. दोन्ही कानांची जाडी सारखी असेल तरच तो दोघांना सारखं दाबतो. एक कान अर्धा मिलिमीटर जरी जाड असला तरी वायसर तिरका बसतो, सगळा दाब जाड कानावर जातो आणि पातळ कान नुसता टेकलेला राहतो. नट कितीही आवळा, उपयोग नाही. उलट जाड कान तुटतो.

नवीन मॅनिफोल्ड घातल्यावर आधीपेक्षा जास्त गळती सुरू झाली, अशी तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. इनलेट जुनं मूळचं आणि एक्झॉस्ट बाजारातलं, किंवा याच्या उलट, अशी जोडी जमवली की जाडी जुळण्याची खात्री नसते.

त्यामुळे पैसे देण्याआधी व्हर्नियर (जाडी मोजायचं सरकतं माप) हातात घ्या. इनलेटच्या चारही कानांची जाडी मोजून लिहा, वायसर जिथे टेकतो तिथेच मोजा. मग एक्झॉस्टच्या कानांची मोजा. फरक ०.१ मिमीच्या आत असेल तर गॅस्केट तो सांभाळून घेतं. त्याहून जास्त असेल तर जाड कानाची वायसरकडची बाजू लेथवाल्याकडून फेस करून घ्या. घाईत पातळ कानावर पत्र्याचा तुकडा ठेवायची पद्धत दिसते. तो तापून बसका होतो आणि महिन्याभरात तेच दुखणं पुन्हा उभं राहतं.

दुसरी लपलेली जागा म्हणजे इनलेट पोर्टमधल्या लोखंडी रिंगा. काही हेड आणि मॅनिफोल्डमध्ये या रिंगांसाठी खाच असते, त्यामुळे इनलेट आपोआप पोर्टसमोर येतं. नव्या मॅनिफोल्डला खाच नसेल किंवा उथळ असेल, तर रिंग त्याला गॅस्केटपासून दूर धरून ठेवते. बाहेरून सगळं घट्ट दिसतं आणि आतून हवा ओढली जाते. दोन्हीकडच्या खाचांची खोली आणि गॅस्केटची दबलेली जाडी यांची बेरीज रिंगच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त यायला हवी. येत नसेल तर रिंग घासून अरुंद करा. खाच एकाच बाजूला असेल तर रिंग काढून टाका आणि इनलेट नजरेने मधोमध बसवा.

काय घ्यायचं

आधी जुनं खरंच वाया गेलंय का ते बघा. बिडाचं मॅनिफोल्ड वाकलं असेल तर ते फेकायची गरज नाही. हेडकडच्या बाजूवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) सरकवा. ०.१५ मिमीची पात आत जात असेल तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन तुकड्यांत असून मध्ये बोल्टांनी जोडलेले असतील, तर ग्राइंडिंगला दोन्ही जोडूनच द्या, म्हणजे पाचही तोंडं एका पातळीत येतात. कानाजवळची बारीक चीर निकेल रॉडने शिवता येते, पण तुकडा आधी सगळीकडून तापवायला हवा आणि नंतर राखेत किंवा वाळूत पुरून हळूहळू थंड व्हायला हवा. थंड बिडावर मारलेलं वेल्डिंग शेजारी नवी चीर पाडतं. नळ्या एकत्र येतात तिथेच चीर असेल तर मात्र वेल्डिंगच्या नादी लागू नका.

बदलायचंच ठरलं, तर मूळ कार्बोरेटर आणि मूळ कॅम असलेल्या गाडीला आमचं मत स्पष्टपणे बिडाच्या मॅनिफोल्डकडे आहे. ते जड आहे, पण उष्णता धरून ठेवतं, आवाज गिळतं आणि दशकं टिकतं. सव्वा इंची एसयू कंपनीचा कार्बोरेटर तसाच ठेवून लांब नळीचं स्टीलचं मॅनिफोल्ड घातलं तर मिळणारा फायदा थोडाच असतो, कारण इंजिनात जाणारी वाट तेवढीच अरुंद राहते. कार्बोरेटर, सायलेन्सर आणि हेड यांवर काम होणार असेल तरच त्या खर्चाला अर्थ आहे.

त्यात मुंबईची हवा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन नळीतून बाहेर जातं. दादर-परळच्या इमारतीखाली उभी असलेली, रविवारी दहा मिनिटं सुरू करून बंद केली जाणारी गाडी त्या वाफेला बाहेर पडू देत नाही. पाणी नळीतच राहतं, बाहेरून समुद्राची खारट हवा लागते, आणि पातळ माइल्ड स्टीलची नळी दोन्ही बाजूंनी गंजते. त्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळली तर गंज आणखी लवकर लागतो, कारण पावसाळ्यात पट्टी ओली राहते आणि नळीला सुकू देत नाही. स्टीलचं घ्यायचंच असेल तर सिरॅमिक कोटिंग करून घ्या, नाहीतर स्टेनलेस घ्या.

स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण फुगतं जास्त. हेड तापतं शंभर अंशांच्या आसपास, फ्लँज (हेडला टेकणारी मॅनिफोल्डची पट्टी) त्यापेक्षा कितीतरी जास्त. ३० सेंटीमीटर लांबीची स्टेनलेसची एकसंध पट्टी ३०० अंशांनी तापली तर ती जवळजवळ दीड मिलिमीटर लांब होते. त्यामुळे तीनही पोर्टना एकच लांब फ्लँज असलेलं मॅनिफोल्ड टाळा. प्रत्येक पोर्टचा फ्लँज सुटा हवा, किंवा टोकाची भोकं लांबट हवीत. फ्लँजची जाडी विचारून घ्या. ८ मिमीपेक्षा पातळ स्टील फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेला येण्याची शक्यता फार.

जुनी मिनी गाडी आणि मायनर यांचं हेडवरचं स्टडचं अंतर जुळतं, म्हणून मिनीचं मॅनिफोल्ड स्वस्तात मिळालं की मोह होतो. मिनीत इंजिन आडवं असतं, त्यामुळे नळी भलत्याच दिशेला उतरते. हेडवर बसेल, गाडीत बसणार नाही. अँबॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनाचीही पाच पोर्टचीच रचना आहे, तिथे हा लेख जवळपास तसाच लागू पडेल, पण पार्ट मात्र एकमेकांना चालत नाहीत.

आटे ओळखा, नाहीतर हेड जाईल

ऑपेरा हाउसच्या दुकानांत, कुर्ल्याच्या भंगारात किंवा मटन स्ट्रीटवर मॅनिफोल्ड मिळेलही. स्टड आणि नट मात्र काउंटरवर 'आठ एमएमचे द्या' म्हणून घेऊ नका. हे स्टड ५/१६ इंची आहेत. व्यास ७.९४ मिमी, म्हणजे डोळ्याला एम८ सारखाच. पण हेडमध्ये जाणाऱ्या टोकाला यूएनसी आटे आहेत, इंचाला १८, आणि नटाच्या टोकाला यूएनएफ, इंचाला २४. एम८च्या आट्यांचं अंतर १.२५ मिमी, यूएनसीचं १.४१, यूएनएफचं १.०६. एम८चा स्टड हेडच्या भोकात दोन फेरे अगदी गोड जातो, मग जड होतो, आणि ज्याने पाना जोरात फिरवला त्याने हेडचे आटे कापून काढलेले असतात. थ्रेड गेज लावून बघा. नागदेवी स्ट्रीटवर यूएनएफ-यूएनसी ठेवणारी दुकानं आहेत, नीट माप सांगितलं तर माल मिळतो.

नट पितळी घ्या, लांब अंगाचे. लोखंडी नट स्टडवर गंजून बसतो, आणि पुढच्या वेळी नट सुटण्याऐवजी स्टड तुटतो. पितळी नटाला अर्धा इंची पानाच लावा, म्हणजे १२.७ मिमीचा. १३चा पाना लागतो, पण ०.३ मिमीच्या ढिलाईत पितळेचे कोपरे गोल होतात.

जुने स्टड काढायला घाई नको. आदल्या संध्याकाळपासून दोन-तीनदा गंज सोडवणारं तेल मारा. दोन नट एकमेकांवर लॉक करून आतल्या नटाला उलटं फिरवा. हलत नसेल तर पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर गाडीपासून दूर ठेवून मगच स्टडभोवतीचं हेड गॅसने तापवा. हेड बिडाचं आहे, तेवढी उष्णता सोसतं. स्टड तुटलाच तर मधोमध पंच मारा, ३ मिमीने सुरुवात करून ६.५ मिमीपर्यंत ड्रिल करा, आणि ५/१६ यूएनसी टॅप फिरवा. भोक तिरकं गेलं असेल तर हेड उतरवून मशीनवर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवणं परवडतं.

बसवणं

बॅटरीची तार काढा. जुनं गॅस्केट खरवडण्याआधी पाण्याने भिजवा आणि मास्क लावा. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची कोरडी धूळ नाकात जाता कामा नये. पोर्टमध्ये चिंधी कोंबा, कारण खरवडलेला तुकडा आत पडला तर तो थेट व्हॉल्व्हवर जातो.

पहिली फेरी गॅस्केटशिवाय. मॅनिफोल्ड स्टडवर सरकवून ते कुठे अडतं का, डाउनपाइप (मॅनिफोल्डपासून खाली सायलेन्सरकडे जाणारा पाइप) त्याला खेचतो का, ते बघा. मग पोर्टच्या कडांना ग्रीसचा पातळ हात लावा, गॅस्केट दाबून काढा आणि ठसा पाहा. इनलेटमध्ये गॅस्केटची कड डोकावत असेल तर कापा. एक्झॉस्टला मॅनिफोल्डचं भोक हेडच्या पोर्टपेक्षा किंचित मोठं असलेलं चालतं, लहान असेल तर कानस चालवून मोठं करा.

गॅस्केटची पत्र्याची बाजू मॅनिफोल्डकडे. तापल्यावर मॅनिफोल्ड सरकतं, ते पत्र्यावरून सरकू द्यायचं. सिलिकॉन किंवा कुठलंही चिकट लावू नका. एक्झॉस्टपाशी ते जळतं आणि तिथे नवी वाट तयार होते. स्टडच्या आट्यांना कॉपर पेस्टचा पातळ हात पुरे.

दोन तुकड्यांचं मॅनिफोल्ड ग्राइंडिंगशिवाय बसवत असाल तर मधले जोडबोल्ट ढिले ठेवा, हेडवरचे नट आधी आवळा आणि जोडबोल्ट शेवटी. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत: १०, १५ आणि शेवटी २० न्यूटन-मीटर. त्यापुढे जाऊ नका. गळती थांबत नसेल तर कारण पातळीत किंवा जाडीत आहे.

डाउनपाइप यानंतर. त्याचा क्लॅम्प आणि सायलेन्सरचे हँगर पुढून मागे या क्रमाने घट्ट करा, म्हणजे पाइपाचं वजन मॅनिफोल्डला लटकत नाही. इंजिन माउंटिंगचं रबर मेलं असेल तर ते याच वेळी बदला. इंजिन डोलत राहिलं तर स्पीडब्रेकरवरचा प्रत्येक झटका या जोडापर्यंत पोहोचतो.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बेकलाइटचा ठोकळा आणि खाली उष्णतेची ढाल हवीच. सायन-पनवेल रस्त्यावर तासभर रखडल्यावर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळायला वेळ लागत नाही, आणि स्टीलच्या पातळ नळ्या बिडापेक्षा जास्त झळ सोडतात. इनलेटला व्हॅक्यूमसाठी जादा भोक असेल तर आट्यांचं बूच लावा, रबराची टोपी नको.

तपासणी आणि मिश्रण

थंड इंजिन सुरू करून लगेच इनलेटच्या जोडावर फवाऱ्याच्या बाटलीतून थोडं पाणी मारा. आरपीएम क्षणभर बदलला की हवा तिथूनच जाते. हे पहिल्या मिनिटातच करा, तापलेल्या बिडावर पाणी पडलं तर चीर जाते. कार्बोरेटर क्लीनर फवारायची सवय या इंजिनावर धोक्याची, कारण इनलेटच्या दोन बोटं बाजूला एक्झॉस्ट आहे. एक्झॉस्टची गळती काजळीच्या काळ्या रेघेवरून कळते. व्हॅक्यूम गेज लावता आलं तर आयडलिंगला सुई १७ ते २० इंचांवर स्थिर हवी.

पंधरा मिनिटं इंजिन चालवून पूर्ण थंड होऊ द्या आणि नट पुन्हा २० वर तपासा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. गरम असताना पाना लावू नका.

आता मिश्रण. हवेची चोरी थांबली की आधीचं सेटिंग चुकीचं ठरतं, कारण गळती झाकायला कोणीतरी जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) खाली उतरवून मिश्रण जाड, म्हणजे जास्त पेट्रोलचं, केलेलं असतं. त्यात आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२०ला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या मापाची नीडल (जेटमध्ये वरखाली होऊन पेट्रोल मोजणारी सुई) या इंधनावर सात-आठ टक्के पातळ चालते. इथेनॉलला वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते, आणि बिडाच्या जुन्या मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्ट खालून इनलेटला तापवतं ते इथे कामाला येतं. स्टीलच्या मॅनिफोल्डला ती सोय नसते. मुंबईच्या हवेत गाडी त्यामुळे अडून बसणार नाही, पण सकाळी चोक थोडा जास्त वेळ लागेल.

एसयूची पिन वापरून कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम १ मिमी वर उचला. आरपीएम किंचित वाढून स्थिरावला तर मिश्रण बरोबर. वाढतच गेला तर जाड, इंजिन बसायला लागलं तर पातळ. जेटचा नट एका वेळी एकच पैलू फिरवा. जेट पुरेसा खाली आणूनही वरच्या आरपीएमला इंजिन भुकतं असेल तर नीडल एक माप जाड मिश्रणाची घ्या. लांब नळीच्या मॅनिफोल्डनंतर हे बहुतेक करावंच लागतं.

शेवटी पीयूसीवाल्याकडे जा, आणि फक्त प्रमाणपत्रासाठी नाही. इतक्या जुन्या गाडीला आयडलिंगला सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ३ टक्के आहे, आणि दोन-अडीच टक्क्यांचा आकडा या इंजिनाला मानवतो. आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली दिसला तर खूश होऊ नका. मिश्रण खरंच पातळ असेल, किंवा एक्झॉस्टच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरून गॅसमध्ये मिसळत असेल. प्लग काढून बघा. पोर्सलीन पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ आहे. ते बिस्किटी तपकिरी असूनही सीओ कमी येत असेल, तर पुन्हा त्या चार मोठ्या वायसरांकडे वळा आणि थंड इंजिनावर फीलर गेजची सगळ्यात पातळ पात प्रत्येक कानामागे सरकवून बघा.